कोठारवाल्यांची पद्धत

मेथीच्या जुड्या खालवर करत शकू भाजीवाल्याशी नेहमीची हुज्जत घालत होती, तेवढ्यात पिशवीतला फोन थरथरला आणि तिने तो उगाचच बाहेर काढला. ‘कोठारवाले फॅमिली’ या ग्रुपवर तिच्या भाच्याने, धायरीच्या रणजितने, फोटो टाकला होता. एरवी त्या ग्रुपवर सुप्रभात, गणपती आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक याखेरीज काही येत नसे. हा फोटो मातीचा होता. उखडलेल्या शहाबादी फरश्या एका बाजूला रचलेल्या, मध्ये उकरलेली जागा, आणि त्या जागेत परातीपेक्षा मोठं गोल दगडी झाकण, त्याला मधोमध गंजलेली कडी. खाली लिहिलं होतं, ‘आजोबांच्या कोठारात सीक्रेट चेंबर! आज उतरतोय, स्टे ट्यून्ड.’ त्याखाली अंगठे, जोडलेले हात, डोळ्यांत बदाम. शकूने फोटो दोन बोटांनी मोठा केला. झाकणाच्या कडेचा एक टवका उडालेला होता. तो टवका तिच्या ओळखीचा होता. लहानपणी त्या खोबणीत ती सागरगोटे लपवायची. सकाळच्या उन्हात, नारायण पेठेतल्या स्कूटरच्या गर्दीत ती हातात जुडी धरून तशीच उभी राहिली. “घेताय का बाई, का नुसताच वारा घालताय तिला?” भाजीवाला म्हणाला. तिने जुडी ठेवून दिली आणि चालू लागली. एरवी तिने त्याला दोन शब्द ऐकवले असते.

घरी जयसिंगराव पेपर वाचत बसले होते. सायकलच्या सुट्या भागांचं दुकान बंद केल्यापासून हा माणूस पेपर असा वाचायचा, की संध्याकाळी कुणीतरी परीक्षाच घेणार आहे. “कोठारात पेव सापडलंय रणजितला,” ती म्हणाली. “तुझ्या माहेरच्यांना जमिनीत काही सापडण्याआधी बिल्डर सापडतो,” ते पेपरातूनच म्हणाले, “यंदा उलटं झालं म्हणायचं.” तिला हसू आलं नाही. तिने रणजितला फोन लावला. तो दुसऱ्याशी बोलत होता. पुन्हा लावला, पुन्हा तेच. “मी धायरीला जाऊन येते.” “आत्ता? आणि मेथी कुठाय?” ती पाकिटात रिक्षाचे पैसे मोजू लागली, तेव्हा कुठे त्यांनी पेपर खाली केला आणि बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पेवाबद्दल तिने त्यांना कधी अक्षर सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच. माहेरची अब्रू माणूस पदराखाली झाकून आणतो आणि मग ती तिथेच राहते, पदर बदलले तरी. “गुडघ्याची पट्टी बांध,” जयसिंगराव म्हणाले, आणि ती चपला घालून खाली उतरली.

रिक्षा मिळाली. अलका चौकातून पुढे निघाल्यावर तिने पुन्हा फोन लावला, वाजला, कुणी उचलला नाही. काय करायचं होतं तिला तिथे जाऊन? एवढंच सांगायचं होतं, की त्या खड्ड्यात उतरू नकोस. हे एवढं वाक्य. पण या वाक्याच्या मागून ‘का’ येणार होतं, आणि ‘का’च्या मागून आबा, तिचे वडील. रणजितला आबा म्हणजे भिंतीवरचं चित्र. पंधरवड्यापूर्वी त्याने तिला मुद्दाम नेऊन ते दाखवलं होतं. धायरीतली शेतं केव्हाच गेली, त्यांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. पण मुरमाच्या उंचवट्यावरचं ते दगडी कोठार तेवढं उरलं होतं, आजूबाजूच्या बाल्कन्यांमधून वाळत घातलेले कपडे त्याच्याकडे बघत असायचे. त्याचं आता रणजित हॉटेल करत होता. ‘हिंदुरावांचं कोठार’. आत दारासमोरच्या भिंतीवर माणूसभर उंचीचे आबा, म्हणजेच हिंदुराव, फेटा बांधलेले, मिशा प्रत्यक्षात होत्या त्याहून दुप्पट, आणि हातात पेटता दिवा. खाली ओळ: ‘आधी उजेड, मग माणूस.’ “कसं वाटतंय आत्या?” रणजितने विचारलं होतं. “छान,” ती म्हणाली होती. आणि तिला एकदम बसावंसं वाटलं होतं. तिथे काम करणाऱ्या सोनबाने ते ओळखून कुठूनतरी खुर्ची आणली, स्वतःच्या खांद्यावरच्या पंच्याने पुसली आणि म्हणाला, “बसा आत्या, चुन्याचा वास चढतो डोक्यात.” तो सगळ्यांसारखा तिला आत्याच म्हणायचा. रणजितने तिच्याकडे कोठाराचा इतिहास मागितला होता, मेनूकार्डाच्या पाठीमागे छापायला. “तुलाच माहितीये सगळं. फार हेवी नको, इमोशनल ठेव.” तिने लिहून दिला. कोठार कुणी बांधलं, दगड कुठून आले, गावातल्या कुणाकुणाची ज्वारी तिथे ठेवायला यायची, आबांनी विहिरीवर गावातलं पहिलं इंजिन कसं बसवलं. सगळं खरं. पेवाची गोष्ट तिने लिहिली नाही. पेवावर फरशी होती, आणि फरशीवर रणजित टेबलं मांडणार होता. लोक येतील, पिठलं-भाकरीचे फोटो काढतील आणि जातील, असं तिने धरलं होतं. फरशी हा पोरगा उखडेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

पेव म्हणजे काय, हे आता धायरीतही सांगावं लागेल. विहिरीसारखा खणलेला खड्डा, तोंडाशी जेमतेम माणूस जाईल एवढा आणि पोटात फुगीर. आतून शेणामातीने लिंपलेला, कडेने कडब्याचा थर. त्यात ज्वारी ओतायची, वर दगड, दगडावर माती. उंदीर नाही, कीड नाही, चोर नाही. पण धान्य झालं तरी जीवच, ते आत श्वास घेतं आणि चांगली हवा संपवून टाकतं. उरते ती वाईट. तिला वास नाही, रंग नाही, आणि ती जड असते. झाकण काढलं म्हणून उठून निघून जात नाही, तळाशी दबा धरून राहते. म्हणून पेव उघडलं की आधी पेटता कंदील दोरीने आत सोडायचा आणि वाट बघायची. जळत राहिला तर माणसाने उतरायचं. विझला तर नाही. शकूला हे सगळं समजायला दहावीचा वर्ग यावा लागला. पुढे ती स्वतःच शास्त्राची शिक्षिका झाली, पेठेतल्या शाळेत हयात गेली तिची, आणि दर वर्षी मेणबत्तीवर काचेचं भांडं उपडं घालायचा प्रयोग यायचा. ज्योत लांबट व्हायची, निळसर व्हायची, जायची. पोरं टाळ्या पिटायची. भांडं घालायचं काम ती नेहमी एखाद्या मुलीला द्यायची, आणि स्वतः फळ्याकडे तोंड करून आकृती काढत बसायची. शिकवायला लागल्यापासून ज्योत विझताना तिने कधी पाहिली नाही.

दांडेकर पुलाच्या पुढे रिक्षा अडकली. रिक्षावाला म्हणाला, “पूल बांधला तरी गर्दी आहे तेवढीच, फक्त आता वरूनही आहे.” ती हूं म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे ती सकाळ होती, कुठलीही खिडकी बंद करून न थांबणारी. ती तेव्हा तिसरीत असेल. गावजेवण होतं, पेवातली ज्वारी काढायची होती. धोंडिबा म्हणजे दरसाल पेवात उतरणारा गडी. कमरेला धोतर खोचून, काळा, उंच, हसला की हिरड्या दिसायच्या. झाकण सारलं होतं. आणि आबा घरातून नवी बॅटरी घेऊन आले. तीन सेलची, चकचकीत, बुधवार पेठेतून आणलेली. आबांना नव्या वस्तूचं भारी वेड. वाईट माणूस नव्हता तो. असता तर किती सोपं गेलं असतं. गड्याला बरोबर पंगतीला बसवणारा, कुणाच्या घरी चूल पेटली नाही तर न सांगता पायली धाडणारा. “मालक, कंदील सोडायची रीत हाय,” धोंडिबा म्हणाला. “का सोडतात रं कंदील?” आबांनी विचारलं. धोंडिबाने डोकं खाजवलं. “उजेडाला.” “मग ही काय हाय? कंदिलाच्या चौपट उजेड हाय हिचा.” आबांनी बॅटरी सुतळीला बांधून आत सोडली, आणि खालची ज्वारी अशी सोन्यासारखी दिसली, की वाकून बघणारे सगळे खुळ्यासारखे हसले. धोंडिबाही हसला. “सापबीप बी दिसंल झ्याक,” म्हणाला. कुणालाच माहीत नव्हतं, हे शकूला आजवर पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागलं होतं. मालकाला नव्हतं आणि गड्यालाही नव्हतं. रीत होती, तिचा अर्थ वाटेत कुठेतरी सांडला होता. कंदील बघायला नव्हता. विझायला होता.

धोंडिबा उतरला. थोडा वेळ त्याचं गुणगुणणं ऐकू आलं. मग आबांनी हाक मारली, “बसलास का रं?” मोठ्या माणसांच्या पायांमधून वाट काढून शकू पुढे गेली, तेव्हा तिला दिसलं. दमलेला माणूस बसतो तसा धोंडिबा ज्वारीवर बसला होता, मान जराशी कलती. मांडीला लागून बॅटरी जळत होती. बॅटरी जळत होती, म्हणून कुणाला काही कळेना. “ए धोंडिबा, झोपलास का काय?” कुणीतरी हसलं. आणि मग आबांच्या तोंडावरचा रंग गेला. ते धोतर खोचून पेवाच्या तोंडाशी धावले, तशी त्यांच्या आईने, शकूच्या आजीने, मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली. “एक गेला तेवढा बास. माझा न्हाई जायाचा.” आजी म्हणजे हाडांची काडी. आबा उधळलेला बैल शिंगं धरून उभा करायचे. शकूच्या डोळ्यांच्या उंचीवर आजीचे हात होते, बोटांत बोटं अडकवलेले, पेरं पांढरी पडलेली. आबा ओढत होते, ओरडत होते, “सोड, म्हातारे, सोड मला.” मग ओरडणं तसंच राहिलं, पण ओढ कमी झाली. हे फक्त शकूला दिसलं. आजीची पेरं पुन्हा काळी झाली, बोटं सैल पडली, मिठी नुसती नावाला उरली; आणि त्या सैल मिठीत आबा उभे राहून ओरडत राहिले. तिला तेव्हा वाटलं, आता हे सुटतील. ते सुटले नाहीत. शेवटी विहिरीतली बादली काढायचा गळ टाकून धोंडिबाला वर काढला. खाली गेलेली बॅटरी कुणी काढली नाही. ज्वारी तशीच ठेवून दगड बसवला, आणि महिन्याच्या आत वर फरशी आली.

जमिनीच्या राखणदार देवाने माणूस घेतला, असं आजीने गावाला सांगितलं आणि गावाने ते मानलं. आबांचं मीठ सगळ्यांनीच खाल्लं होतं. धोंडिबाची बायको पोरांना घेऊन हडपसरला भावाकडे गेली. त्यानंतर कोठारवाल्यांचं नाव मात्र आबांच्या दिव्यामुळे झालं. आबा कुठल्याही खोलीत शिरण्याआधी हातात पेटता दिवा धरू लागले. भर दुपारी, स्वतःच्या घरात. उंबऱ्याच्या आत पणती ठेवायची, थांबायचं, मग पाऊल टाकायचं. वाऱ्याने पणती विझली तर त्या खोलीत त्या दिवशी कुणी जायचं नाही. शकूची दहावीची पुस्तकं अशी एकदा अख्खा दिवस आत अडकली होती. लोक म्हणाले, हिंदुराव देवमाणूस झाला. आबा पणतीत तेल घालत राहिले. पुढे ती घराण्याची पद्धतच होऊन बसली. नवं घर असो, दुकान असो, आधी दिवा आत, मग माणूस. रणजितने नवी गाडी घेतली तेव्हा डिकीत पणती ठेवून दार लावायला निघाला होता, शोरूमवाले हातापाया पडले. शकू या पद्धतीवर मनात चिडायची आणि घट्ट धरूनही ठेवायची. दहावीत प्रयोग पाहून ती घरी आली होती, आबा ओटीवर होते, ती नुसती त्यांच्यापुढे उभी राहिली. काय विचारणार? आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना समजलं की हिला समजलं. “दिवा ठेवत जा पोरी,” एवढंच म्हणाले. तेव्हा तिने मनाशी ठरवून टाकलं, की अर्थ सांगायची गरज नाही. पद्धत पुरेशी आहे. विझला तर जायचं नाही, एवढं पाळलं की झालं. देवासाठी पाळा नाही तर हवेसाठी, जीव वाचल्याशी कारण. बापाला चव्हाट्यावर आणून मिळणार तरी काय होतं?

राजाराम पुलापाशी फोन वाजला. “आत्या, किती मिस्ड कॉल! अगं फुल धावपळ चाललीये.” “रणजित, ऐक. ते पेव आहे. धान्याचं.” “कळलं ना, केदार म्हणाला आमचा आर्किटेक्ट. भारी आहे ना? वरून काच टाकणार, खाली लायटिंग. लोक वेडे होतील.” “झाकण उघडलंस?” “सकाळीच. आता मोकळं आहे.” तिने रिक्षाचा दांडा घट्ट धरला. “हे बघ, तू आत उतरायचं नाहीस. काही झालं तरी. माझी शपथ आहे.” पलीकडे तो हसला. “मी? आत्या, मला लिफ्टमध्ये घाम फुटतो, मी कुठला उतरतोय.” “शपथ घे.” “शपथ, तुझी शपथ, मी उतरणार नाही. सोनबा आहे ना इथे सगळं बघायला. आणि दिवा सोडल्याशिवाय काही करणारच नाही आपण, पद्धत म्हणजे पद्धत. शेफालीने आणलाय दिवा, व्हिडिओत मस्त दिसेल. तू ये निवांत.” “विझला तर?” “विझला तर आज बंद. आजोबांचा रूल आहे, मला शिकवतेस?” फोन ठेवल्यावर शकूला आधी काहीच वाटलं नाही. मग छातीतून काहीतरी खाली उतरलं आणि तिला चक्क भूक लागली. तो उतरणार नव्हता. दिवा सोडणार होते. दिवा विझणार होता, कारण इतक्या वर्षांच्या कुजलेल्या ज्वारीवर ज्योत टिकणं शक्य नव्हतं. आणि मग झाकण बसणार होतं. आबांनी आयुष्यभर जे केलं ते आज कामाला आलं. काही सांगायची गरज पडली नाही. तिला आबांची इतकी माया दाटून आली, की रिक्षात बसल्या बसल्या डोळे भरले.

आनंदनगरला मिठाईचं दुकान दिसलं. भाच्याच्या नव्या उद्योगाच्या जागी रिकाम्या हाताने कसं जायचं? “जरा थांबवता का,” ती म्हणाली. दुकानात तिच्यापुढे एक बाई बर्फी चाखून बघत होती, मग दुसरी बर्फी, मग पहिली पुन्हा. शकूने शांतपणे वाट पाहिली. अर्धा किलो पेढे घेतले. “कंदी द्या, साधे नको,” म्हणाली, आणि सुट्ट्यांवरून काउंटरवरच्या माणसाशी थोडं वाजलंसुद्धा, कारण आता तिला वाजवावंसं वाटत होतं. पुन्हा रिक्षात बसल्यावर खोका मांडीवर ठेवून ती बाहेर बघत राहिली. वडगाव गेलं. धायरी फाट्यावर रिक्षा मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत राहिली. जिथे त्यांचा उसाचा फड होता तिथे आता टायरचं दुकान, त्याच्यावर दंतवैद्य, त्याच्यावर गायनाचे वर्ग. मधेच तिला धोंडिबाच्या हिरड्या आठवल्या. विचित्र गोष्ट म्हणजे आज सबंध वाटेत तिला रणजितच दिसत होता पेवाच्या तळाशी, त्याचाच निळा टी-शर्ट, त्याचंच टक्कल पडू लागलेलं डोकं. तिने हात झटकला. ते टळलं होतं.

कोठाराचं दार सताड उघडं होतं. आत दिव्यांच्या छत्र्या, वायरी, आणि मधोमध पाठमोरा रणजित, कमरेवर हात, निळ्या नव्हे तर पिवळ्या टी-शर्टात. उभा. जमिनीवर. शकूने त्याला बघितलं आणि दाराच्या चौकटीला टेकून श्वास सोडला. शेजारी शेफाली, त्याची बायको, मोबाईल खाली धरून काहीतरी टिपत होती. “आलीस आत्या? ये ये, पेढे! अगं कशाला.” “दिवा सोडला?” तिने विचारलं. “सोडला ना. आपल्या पद्धतीने. चांगला अर्धा तास ठेवला. बघ, अजून आहे.” शकूच्या पायांना ते आधी समजलं, ते जागेवर थांबले. अजून असायला नको होता. ती पुढे झाली, वाकली. पेवाच्या तोंडातून अॅल्युमिनियमची शिडी खाली गेलेली, आणि खोल तळाशी तो दिवा होता. छोटा, पिवळा, स्वच्छ. मुळीच हलत नव्हता. ज्योत कधी इतकी गप्प उभी राहत नाही. “कसला दिवा आहे हा?” तिचा आवाज तिला वर्गातला वाटला. “बॅटरीवरचा आहे आत्या,” शेफाली म्हणाली, “दिवाळीतले उरले होते आमच्याकडे. खरी पणती दोरीला बांधली की तेल सांडतं, आणि नवीन फरशी…”

भिंतीवरून आबा हातात दिवा घेऊन बघत होते. “मागे हो,” शकू म्हणाली, “मागे हो दोघंही. कुणी उतरायचं नाही यात.” “मी कुठे उतरतोय आत्या? तुझी शपथ घेतली ना मी. सोनबा गेलाय.” रणजित सहज म्हणाला. “खाली थोडा कचरा आहे, तो म्हणाला मी आधी साफ करून घेतो. पण काय माहीत, आळशीपणा करतोय. मघापासून बसूनच आहे, हाका मारतोय तरी उठत नाही.” मग तिला दिसलं. दिव्याच्या कडेला, उजेडाच्या जरा बाहेर, गुडघे, आणि गुडघ्यांवर पंचा. मान कलती. खालून कसलाच आवाज येत नव्हता. रिक्षातल्या त्या वाटेत एकदा, फक्त एकदा, तिने ‘कुणी’ म्हणायला हवं होतं. ती ‘तू’ म्हणाली होती. मालक कधी आधी उतरतो का? हे तिला तिसरीत असल्यापासून माहीत होतं.

तिने पेढ्यांचा खोका रचलेल्या फरश्यांवर नीट ठेवला. “शेफाली, अग्निशमन दलाला फोन लाव. एकशे एक. पेवात माणूस आहे म्हण, हवा नाही म्हण, हवेची नळकांडी घेऊन या म्हण.” “म्हणजे काय, हवा नाही?” रणजित म्हणाला, “दिवा तर…” “तो दिवा हवेवर जळत नाही, रणजित. तुझ्या आजोबांनीही असाच दिवा सोडला होता. धोंडिबा नावाचा माणूस होता. असाच बसला होता.” हे बोलून झालं. इतकी वर्षं जे ओठांवर आणायचं नाही म्हणून ती जपत होती ते एवढंसंच होतं, एका दमात संपलं. “दोर बांधलाय का सोनबाला?” “दोर कशाला, शिडी आहे ना,” रणजित म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या तोंडावरचा रंग गेला. हा रंग तिने पूर्वी एकदा पाहिला होता. त्याने शिडीकडे झेप घेतली. “सोनबा! ए सोनबा!” त्याचा एक पाय पहिल्या पायरीवर गेला, आणि शकूने मागून त्याच्या कमरेला मिठी मारली.

तिला विचार करायला वेळ मिळाला नाही. गुडघ्यात कळ गेली, बोटांत बोटं अडकली. “नाही जायचं. तू गेलास तर तूही बसशील तिथे. येतायत ते, येतायत.” हे खरं होतं, शास्त्राची कुठलीही बाई हेच सांगेल. खाली गेलेल्यामागे जो जातो तो दुसरा. मग आजीचं काय चुकलं होतं? इतकी वर्षं तिने त्या म्हातारीला मनातून माफ केलं नव्हतं. “सोड आत्या, सोड, अगं माणूस आहे तो,” रणजित ओरडत होता, आणि ओढत होता, आणि तो तिच्या दुप्पट होता, एका हिसक्यात ती फरशीवर पडली असती. तिची पेरं पांढरी पडली. शेफाली फोनवर रडत पत्ता सांगत होती, धायरी, मुरमाचा चढ, जुनं कोठार, नाही हो, हॉटेल. “सोनबा!” रणजित ओरडला. शकूने डोळे मिटून घेतले आणि जीव खाऊन धरून ठेवलं. तो ओरडत राहिला. मग तिच्या हातांना कळलं. तिने डोळे उघडले नाहीत, तरी कळलं. बोटांतली कळ कमी होत होती. पेरांत रक्त परत येत होतं. तो अजून तेवढ्याच मोठ्याने ओरडत होता, सोड म्हणत होता, पण आता ओढत नव्हता, आणि तिनेही हात सोडले नाहीत. खाली तळाशी दिवा चालू होता.